इस्पितळाच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

सुरतेतील आपल्या घरांत कोणी गंभीर आजारी पडले, की ओसरीवर बसलेल्या मंडळींत एक प्रश्न हटकून निघतो : "सिव्हिलमध्ये न्यायचे की स्मीमेरमध्ये?" विचारणाऱ्याच्या मनात खाट मिळेल की नाही, ओळखीचे कोणी आहे की नाही, एवढाच हिशेब असतो. मात्र या साध्या प्रश्नाच्या पोटात दीडशे वर्षांचा एक राजकीय वाद दडलेला आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. मजुरा गेटजवळचे न्यू सिव्हिल हॉस्पिटल राज्य सरकारचे. तिथला मोठा निर्णय गांधीनगरच्या सहीवाचून होत नाही. उमरवाड्याचे स्मीमेर सुरत महानगरपालिकेचे. तिथली फाईल मुगलीसराईत, म्हणजे शाहजहानच्या काळात यात्रेकरूंसाठी बांधलेल्या आणि आज पालिकेचे मुख्यालय असलेल्या त्या जुन्या वास्तूत जाते. एकाच शहरातील दोन सार्वजनिक रुग्णालये दोन निराळ्या धन्यांची आहेत. रुग्णालय कोणी चालवावे, दूरच्या राजधानीने, गावच्या पालिकेने, की रुग्णालयाने स्वतःच, हा तो वाद. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घ्यावयाचा आहे. तो घेताना सुरत आणि महाराष्ट्र यांची वाट वारंवार एकमेकींना छेदते, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

साथ आणि संशय

रुग्णशुश्रूषेचे सार्वजनिक रूप सुरतेला परके नव्हते. सतराव्या शतकात येथे आलेल्या युरोपीय प्रवाशांनी येथील पांजरपोळाविषयी आश्चर्याने लिहून ठेवले आहे. १६८९ साली आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाने तर गायी-घोड्यांसाठी चालणाऱ्या इस्पितळाचे वर्णनच केले आहे. तो महाजनांचा कारभार होता. पैसा त्यांचा, देखरेख त्यांची आणि बरेवाईट झाले तर बोलही त्यांनाच. इंग्रजी अमलात आलेले माणसांचे सरकारी इस्पितळ मात्र वेगळ्या साच्याचे होते. त्याचा प्रमुख जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन. तो बहुधा लष्करी परंपरेतला अधिकारी असे आणि त्याचे वरिष्ठ मुंबईस. सुरतेची नगरपालिका १८५२ पासून अस्तित्वात होती. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा सुप्रसिद्ध ठराव काढला आणि दिवाबत्ती, रस्ते, दवाखाने ही कामे लोकनियुक्त संस्थांकडे जावीत हे तत्त्व मान्य झाले. पण तत्त्व मान्य होणे आणि अधिकार हाती येणे यांत त्या काळीही बरेच अंतर होते.

ते अंतर किती घातक ठरू शकते, हे १८९६ च्या प्लेगने दाखविले. मुंबईत साथ उघडकीस आल्यावर रोग्यांना घरांतून उचलून सरकारी किंवा पालिकेच्या इस्पितळात नेण्याचा धडाका सुरू झाला. लोकांना इस्पितळ हे मरणाचे दार वाटू लागले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या कारभाराने जो संताप पेटला त्याची परिणती २२ जून १८९७ च्या चाफेकर बंधूंच्या गोळ्यांत झाली, हे सर्वांना ठाऊक आहे.

परंतु या प्रकरणाची दुसरी बाजू आपण सहसा सांगत नाही. त्याच काळात पुण्यात लोकमान्य टिळकांनी पुढाकार घेऊन हिंदू प्लेग इस्पितळ उघडले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. मुंबईतही अनेक समाजांनी आपापली इस्पितळे उभारली. तीच औषधे, तोच रोग. पण जिथे आपली माणसे देखरेखीला होती तिथे रोगी आपण होऊन जाऊ लागले. रुग्णालयाला औषधाइतकीच विश्वासाची गरज असते आणि विश्वास लांबून पाठविता येत नाही, हा स्थानिक स्वायत्ततेच्या बाजूचा पहिला आणि आजही सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. त्याच्या जोडीला एक शंकाही तेव्हाच उभी राहिली : प्रत्येक जातीचे स्वतंत्र इस्पितळ झाले, तर ज्याला जात-बिरादरीचा आधार नाही त्याने कुठे जावे? ही शंकाही आजवर जुनी झालेली नाही.

परळचा प्रयोग

या शंकेला उत्तर मिळाले ते मुंबईत, परळला. १८४५ पासून चालत आलेले ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय हे सरकारी. तिथल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठी जणू राखीव असत. विलायतेत शिकून आलेल्या हिंदी डॉक्टरलाही तिथे वर चढण्याची वाट नव्हती. अशा वेळी राजा एडवर्ड यांच्या स्मारकासाठी जमलेला निधी, मुंबई महापालिकेचा पैसा आणि गोवर्धनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांची देणगी एकत्र आली. विश्वस्तांनी अट घातली, की महाविद्यालयातील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, पात्र, स्वतंत्र हिंदी गृहस्थच असावेत. या अटीवर खल झाला, पण विश्वस्त ढळले नाहीत. १९२६ च्या जानेवारीत के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले.

येथे दोन गोष्टी एकत्र आल्या. रुग्णालय पालिकेचे, म्हणजे कोणत्याही एका जातीचे नव्हे, साऱ्या शहराचे. आणि नेमणुकीची किल्ली सरकारच्या खिशात नाही. पुढे असहकाराच्या वातावरणात जन्मलेले नॅशनल मेडिकल कॉलेज आणि नायर रुग्णालयही १९४६ मध्ये पालिकेकडे आले. मालवणकडच्या तोपीवाले देसाईंच्या देणगीमुळे त्या महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले. आज मुंबईतील गरीब रोगी पालिकेच्या इस्पितळांवर जो हक्क सांगतो, त्याची पायाभरणी अशी झाली.

के. ई. एम.चे पहिले अधिष्ठाते डॉ. जीवराज मेहता. मूळचे अमरेलीचे, म्हणजे त्या वेळच्या बडोदे संस्थानातले. सुमारे सतरा वर्षे त्यांनी ही संस्था घडविली. आपल्या विषयाशी त्यांचा संबंध येथेच संपत नाही, कारण हेच जीवराजभाई १ मे १९६० रोजी गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

मुंबईहून गांधीनगर

महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा सुरतेच्या सिव्हिल हॉस्पिटलची फाईल मुंबईऐवजी अहमदाबादेस, आणि १९७० नंतर गांधीनगरास जाऊ लागली. सुरतेहून मुंबई जेवढी लांब, जवळजवळ तेवढेच गांधीनगर. फाईल उत्तरेस वळली, पण तिचा प्रवास काही कमी झाला नाही. १९६४ मध्ये सुरतेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि दक्षिण गुजरातचे, तसेच नंदुरबार-धुळ्याकडून येणाऱ्या रोग्यांचेही ते आश्रयस्थान झाले. अहमदाबादेत त्याआधीच्याच वर्षी, १९६३ मध्ये, पालिकेने स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले होते. सुरतेची पालिका १ ऑक्टोबर १९६६ रोजी महानगरपालिका झाली; मात्र मोठे रुग्णालय दीर्घकाळ सरकारचेच राहिले.

सुरतेला स्थानिक अधिकाराची किंमत ठाऊक नव्हती असे नाही. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींनी आपल्या दादोबा पांडुरंगांना सोबत घेऊन येथे मानवधर्म सभा काढली, ते हेच शहर. शाळांवरील सरकारी नियंत्रण नाकारले म्हणून १९२२ मध्ये सरकारने अहमदाबादेबरोबर ज्या नगरपालिकेचा कारभार काढून घेतला, ती हीच. शाळेसाठी भांडलेले शहर इस्पितळासाठी मात्र भांडले नाही. इस्पितळ सरकारनेच द्यावे आणि नागरिकांनी घ्यावे, अशी एक समजूत स्वातंत्र्यानंतर रूढ झाली.

राज्यघटनेतही या समजुतीचे प्रतिबिंब आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय राज्यसूचीत आहेत. १९९२ च्या दुरुस्त्यांनी पंचायती आणि पालिका यांना घटनात्मक स्थान दिले. गावांसाठीच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्याबरोबर रुग्णालयांचा उल्लेख स्पष्टपणे केला आहे; शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता आहे, 'रुग्णालय' हा शब्द नाही. म्हणजे शहरातील गटार पालिकेचे, आणि त्या गटारामुळे आजारी पडलेला माणूस बव्हंशी राज्याचा. या विभागणीची परीक्षा दोनच वर्षांत व्हावयाची होती, आणि तीही सुरतेत.

सुरतेचा प्लेग, इंदूरची समिती

सप्टेंबर १९९४ चे ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वर्णन सांगण्याची गरज नाही. तापीचा पूर ओसरला होता, चिखल आणि मेलेली जनावरे मागे राहिली होती, आणि मग ती बातमी आली. काही लाख माणसांनी शहर सोडले. स्टेशनावर आणि बसच्या टपांवर पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्यापैकी कित्येक घरांतली मुले-बाळे रातोरात जळगाव-नाशिककडच्या नातलगांकडे रवाना झाली. खाजगी दवाखाने बहुसंख्येने बंद झाले. जे उघडे राहिले त्यांत न्यू सिव्हिल होते आणि तिथले तरुण निवासी डॉक्टर होते. या शहराने त्यांचे ऋण कधी नीट फेडले नाही. साऱ्या देशात या साथीने पन्नासाहून काही अधिक बळी घेतले, असे अधिकृत आकडे सांगतात. पुढे प्रा. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने साथीची तपासणी केली.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी काय केले ते आपण डोळ्यांनी पाहिले, पण कसे केले हे समजून घेणे अधिक बोधप्रद आहे. त्यांनी नवा कायदा मागितला नाही. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यातच भरपूर अधिकार होते. ते मुगलीसराईत साचून होते. रावांनी ते सहा विभागांच्या अधिकाऱ्यांकडे वाहते केले. खर्चाची, कारवाईची मुभा विभागातच दिली आणि रोज सकाळी वातानुकूलित खोली सोडून रस्त्यावर जाण्याची सक्तीही केली. अधिकार आणि जबाबदारी एकाच माणसाच्या हाती, एकाच दिवशी दिली. दीड-दोन वर्षांत सुरतेची गणना देशातील सर्वांत स्वच्छ शहरांत होऊ लागली. १९९९ मध्ये पालिकेने स्मीमेरची स्थापना केली, ती या आत्मविश्वासाच्या लाटेवरच, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

आता कथेचा धागा इंदूरला जातो. होळकरांच्या या नगरीतील महाराजा यशवंतराव रुग्णालय प्रदेशातले मोठे सरकारी इस्पितळ. आणि त्यात उंदरांचा सुळसुळाट. सुरतेच्या बातम्यांनी इंदूरकर हादरले. तेव्हाचे जिल्हाधिकारी एस. आर. मोहंती यांनी रुग्णालय रिकामे करून त्याची साफसफाई आणि दुरुस्ती करून घेतली. नागरिकांनी सढळ हाताने देणग्या दिल्या. काम झाले, पण प्रश्न उरला : उद्या पुन्हा असेच झाले तर? सरकारी पद्धतीत रुग्णालयात गोळा झालेला पैसा सरकारी खजिन्यात जमा होई. खिडकीची काच फुटली तरी ती बसवायला सार्वजनिक बांधकाम खात्याकडे कागद पाठवावा लागे. डॉक्टर रुग्णालयाचे प्रमुख असत, पण काचेचे नसत.

यातून १९९५ मध्ये रोगी कल्याण समिती जन्माला आली. लोकप्रतिनिधी, अधिकारी, डॉक्टर, देणगीदार यांची ही नोंदणीकृत संस्था. ऐपतदार रोग्यांकडून माफक शुल्क घ्यावे, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफी असावी, रुग्णालयाच्या जागेतून उत्पन्न काढावे, आणि हा सारा पैसा खजिन्यात न जाता त्याच रुग्णालयात खर्च व्हावा, असा हा विचार. मध्य प्रदेश सरकारने तो राज्यभर नेला. २००० साली या योजनेला जागतिक पातळीवरचा ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्कचा पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा अशा समित्या देशभर स्थापन करण्याचे ठरले. जिल्हा रुग्णालयाच्या समितीला वर्षाला पाच लाख रुपयांचे अनुदान मिळू लागले. आज देशातल्या कोणत्याही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रोगी कल्याण समितीचा फलक दिसला, तर त्याच्या मुळाशी सुरतेचा तो सप्टेंबर आहे, हे आपण विसरू नये.

वादाच्या दोन बाजू

या समित्यांवर टीकाही कडाडून झाली, आणि ती केवळ विरोधासाठी विरोध अशी नव्हती. टीकाकारांचे म्हणणे असे : सरकारने स्वायत्तता दिली, पण त्याबरोबर पैसा आटवला. रुग्णालयाला "तुमचे तुम्ही पाहा" असे सांगणे म्हणजे शेवटी रोग्याच्या खिशात हात घालणे. माफीचा दाखला आणायला गरिबाला जितके हेलपाटे पडतात, तितक्यात तो शुल्क भरून मोकळा होतो, किंवा उपचाराविना घरी परततो. शिवाय मोठ्या शहरातील समितीला देणगीदार मिळतात, मंडया-दुकानांचे भाडे मिळते. डांग-धरमपूरच्या दवाखान्याला काय मिळणार? स्थानिक स्वातंत्र्य हे श्रीमंत गावाचे स्वातंत्र्य होऊन बसते.

हाच वाद इंग्लंडातही झाला. १९४५ मध्ये मजूर पक्षाच्या मंत्रिमंडळात हर्बर्ट मॉरिसन यांनी पालिकांची रुग्णालये पालिकांकडेच राहावीत असा आग्रह धरला. अन्युरिन बेव्हन यांनी ती राष्ट्राच्या हाती घेतली, कारण जन्मगावावरून उपचाराचा दर्जा ठरू नये असे त्यांचे मत होते. बेव्हन जिंकले आणि १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. अर्ध्या शतकानंतर त्याच पक्षाच्या टोनी ब्लेअर सरकारने चांगल्या रुग्णालयांना स्वायत्त प्रतिष्ठानांचा दर्जा देण्याचे ठरविले. स्वपक्षीयांनीच बंड केले आणि नोव्हेंबर २००३ मध्ये मोठे बहुमत असलेले ते सरकार अवघ्या १७ मतांनी तरले. पुढे मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयाला हा दर्जा २००८ मध्ये मिळाला. आणि तिथे रोग्यांची भयंकर हेळसांड झाल्याचे दुसऱ्याच वर्षी बाहेर आले. हिशेब जुळविण्याच्या नादात खर्चात आणि परिचारिकांच्या संख्येत कपात होत गेली होती, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. स्वातंत्र्य मिळाले होते. मात्र ते तिजोरीचे होते, रोग्याचे नव्हते.

आपल्याकडे गुजरात सरकारने २००९ मध्ये वैद्यकीय शिक्षण व संशोधन सोसायटी काढून अनेक महाविद्यालये तिच्याकडे दिली. निर्णय लवकर व्हावेत हा हेतू. पण २०२४ मध्ये सोसायटीने विद्यार्थ्यांचे शुल्क मोठ्या प्रमाणात वाढविले, तेव्हा गहजब झाला आणि वाढीचा बराच भाग मागे घ्यावा लागला. तो मागे घेण्याचा निर्णयही सरकारनेच केला. संस्था स्वायत्त आहे की सरकारी, याचे उत्तर संकटाच्या दिवशी मिळते.

झाडू आणि अधिकार

दुसऱ्या टोकाचे उदाहरण महाराष्ट्रातले. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, त्यावर परस्परविरोधी विधाने झाली. औषधखरेदी मुंबईतून एकत्रितपणे व्हायची आणि तिच्या दिरंगाईबद्दल राज्यभर तक्रारी होत्या, एवढे मात्र निर्विवाद. त्याच वर्षी खरेदीसाठी कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्यात आले होते. याच प्रसंगी एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना प्रसाधनगृह साफ करायला लावले. ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. माणसे नेमण्याचा अधिकार मुंबईत, औषध घेण्याचा अधिकार मुंबईत. आणि अधिष्ठात्यांच्या हाती, नांदेडात, झाडू. अधिकाराविना जबाबदारी म्हणजे काय, याचे इतके बोलके चित्र दुसरे सापडणार नाही.

मग अधिकार दिले, की झाले? ज्या इंदूरने देशाला रोगी कल्याण समिती दिली, त्याच यशवंतराव रुग्णालयात ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस, नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात, उंदरांनी दोन तान्ह्या मुलींना चावे घेतले. दोघीही गेल्या. मृत्यू चाव्यांमुळे की जन्मतःच्या व्याधींमुळे यावर वाद झाला आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कारण कोणतेही असो. ज्या उंदरांना हुसकावण्यासाठी एका नव्या व्यवस्थेचा जन्म झाला, ते तीस वर्षांनी परतले होते. समिती होती, नियम होते, कीटकनाशनाचा ठेकाही होता. पण १९९४ च्या त्या भीतीने इंदूरच्या नागरिकांना जसे रुग्णालयाच्या दारात आणले होते, तसे ते नंतर दारात उभे राहिले नव्हते. समितीची बैठक हा सरकारी शिरस्ता झाला होता.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. रुग्णालयाला चार किल्ल्या असतात : तिजोरीची, नेमणुकीची, औषधकोठीची आणि चौथी जाब विचारण्याची. परळला नेमणुकीची किल्ली आधी मागितली गेली, इंदूरला तिजोरीची, नांदेडच्या निमित्ताने औषधकोठीची. चौथी किल्ली मागायला मात्र क्वचितच कोणी पुढे येते, कारण ती सरकारकडून मिळत नाही. नागरिकांनी स्वतः उचलावी लागते. गरीब भागांसाठी पैसा राजधानीनेच दिला पाहिजे, त्यातून तिची सुटका नाही. पण तो कसा खर्च झाला हे पाहणारा डोळा गावातलाच हवा.

आपण सुरतकर मराठी माणसे या बाबतीत जरा विचित्र ठिकाणी उभे आहोत. सिव्हिलच्या आणि स्मीमेरच्या बाह्यरुग्ण विभागांत उधना-लिंबायतच्या खानदेशी मजुरांची मराठी सर्रास कानी पडते. आपली जुनी घरे बहुधा खाजगी दवाखान्यांत जातात. गणेशोत्सवाची वर्गणी आपण चोख गोळा करतो, मंडळाच्या हिशेबावर तासन्‌तास वाद घालतो. त्याच चोखपणाने एखाद्या वर्षी रोगी कल्याण समितीचा जमाखर्च मागून पाहिला, तर? टिळकांनी १८९७ मध्ये जे केले त्याहून हे काम फार सोपे आहे. त्यांना इस्पितळ उभारावे लागले होते. आपल्याला ते उभे केलेले मिळाले आहे. त्याच्या दारात जाऊन विचारायचे तेवढे बाकी आहे.